चिमणची नडगी

१२ जानेवारी

निवृत्त माणसांच्या डायऱ्यांत बद्धकोष्ठ आणि शेजारी यांच्याशिवाय काही नसतं, म्हणून मी डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण आजचा संताप कुठेतरी उतरवून ठेवायलाच हवा, नाहीतर तो मी चिमणवर काढेन, आणि तो बिचारा उठून दुसऱ्या खोलीतही जाऊ शकत नाही.

चिमण म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, देह दोन माणसांचा, पण आईने ठेवलेलं नाव गेलं नाही. दुकानांचे बोर्ड रंगवतो. दीड वर्षापूर्वी एका बोर्डाचं शेवटचं अक्षर पुरं करताना परांचीवरून पडला आणि उजव्या नडगीचे दोन तुकडे झाले. दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं नाही. आता पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा आहे आणि त्याच्या सळया मांसातून आरपार हाडात गेल्या आहेत. बायको नाही, मूल नाही, म्हणून माझ्याकडे राहतो. मलाही दोन्ही नाहीत.

आज मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे गृहस्थ निदान सरळ बोलतात. म्हणाले, तशाच प्रकारचं तिसरं ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. एक तर पाय गुडघ्याखाली काढायचा, नाहीतर शेवटचा एक प्रयोग. कमरेच्या हाडाच्या आतला थोडा मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्या हाडाच्या फटीत भरायच्या. या पेशींना अजून कसलंच रूप आलेलं नसतं. जिथे हाड हवं तिथे त्या हाड होतात. नशीब असेल तर.

मग विचारलं, सिगारेट किती वर्षं. मी म्हटलं, चाळीस. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधीच्या दोघा डॉक्टरांनी सांगितलं नाही? ओढणाऱ्याचं हाड जुळत नाही लवकर." दोघांनीही सांगितलं नव्हतं. त्यातला एक तर इस्पितळाच्या मागच्या जिन्यात स्वतः ओढत उभा असायचा आणि चिमणच त्याला काडी पेटवून द्यायचा. दीड वर्ष. दोन वेळा पाय उघडला, आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही.

डॉक्टर म्हणाले, "शरीरात निकोटीन अजिबात जाता कामा नये. मगज काढायच्या आधी सहा आठवडे, आणि पुढे हाड भरेपर्यंत. या पेशी त्याने मंदावतात." चिमणला तेव्हा एक्सरेला नेलं होतं. कागदही सगळे इंग्रजीत. चिमण इंग्रजी अक्षर असं काढतो की छापखान्याने लाजावं, पण वाक्य वाचता येत नाही त्याला. वडिलांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि त्याची वेळ आली तोवर वडिलांचं दुकान बसलं होतं, म्हणून तो गल्लीतल्या शाळेत गेला. त्यामुळे त्याचे सगळे कागद मीच वाचते आणि मीच सांगते. शाळेत सिस्टर आम्हाला पानभर मजकुराचा सारांश करायला लावायची. फापटपसारा काढा, अर्थ सांडू नका. मी चार पानं वाचली आणि चिमणला दोन शब्दांत सांगितलं: "सिगारेट बंद."

त्याने सही केली. सहीसुद्धा बोर्डासारखी.

२० जानेवारी

तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पिठाच्या पोत्यात लपवलेली हलकी वजनं मी काढली आहेत, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक काढलं आहे, पेट्रोलपंपावर मालकाच्या देखत माप ओतून दाखवलं आहे. तेव्हा हा आमचा चिमण कोण लागून गेला.

आजचा माल: रंगाच्या रिकाम्या डब्यात एक पाकीट. ब्रशांच्या बरणीत तीन सुट्या. आणि पायाच्या पिंजऱ्यातच, दोन कड्यांच्या मधे, पट्टीखाली खोचलेली एक.

"चिमण, ही इथे काय करते आहे?"

"आधार देते आहे, ताई."

"कुणाला?"

"मला. पायाला लोखंड आहे ना."

मी ती त्याच्या डोळ्यांसमोर मोडली. तो बघत राहिला, जसं कुणी एखादं पाखरू मारलं असावं. मग म्हणाला, "पेन्शनीत गेलीस तरी धाडी सुटल्या नाहीत तुझ्या. लग्न झालं असतं तर एकाच माणसाला त्रास झाला असता."

"आणि तुझं झालं असतं तर ती कधीच पळून गेली असती."

"गेली असती तर निदान ओढायला मोकळा झालो असतो."

मी हसले नाही. हसले तर तो जिंकतो.

२ फेब्रुवारी

घरात राहणं अशक्य झालं आहे. सकाळी त्याने चहाचा कप भिंतीवर फेकला. कप आईच्या वेळचा. नंतर स्वतःच रडायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, नाकातून पाणी, आणि ताई मला जमत नाही, ताई मला जमत नाही.

मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. त्याने एक च्युइंगगम दिला. सिगारेट सोडणाऱ्यांसाठीच असतो म्हणे. तलफ आली की एक तोंडात टाकायचा, हळू चावायचा, मग गालात धरून ठेवायचा. म्हणाला, "शरीराला थोडं थोडं मिळत राहतं, म्हणून जीव कासावीस होत नाही." औषधवाले विचारल्यापेक्षा नेहमी जास्त बोलतात. मी सवयीने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. नग बरोबर, तारीख बरोबर, सील शाबूत. घेऊन आले.

१६ फेब्रुवारी

जादू आहे. चिमण माणसात आला आहे. दिवसभर गाईसारखा रवंथ करत खिडकीशी बसतो आणि समोरच्या दुकानांच्या बोर्डांना नावं ठेवतो. "तो 'क' बघ, पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे जशी." सिगारेटचं नाव नाही. कपड्यांना वास नाही, बोटांचा पिवळेपणा कमी होतो आहे. मी रोज हुंगते. तो म्हणतो, पोलिसांकडेही इतकं चांगलं कुत्रं नसेल.

आज गमचं जास्त ताकदीचं पाकीट आणलं, कारण साधा त्याला पुरत नव्हता. औषधाला काय कंजुषी करायची.

१८ मार्च

मगज काढला. सकाळी तिथल्या नर्सने त्याला तोंडातलं थुंकायला लावलं आणि वर बोलली, "शाळकरी पोरासारखं काय च्युइंगगम खाता आजोबा, आज तरी उपाशी राहा." मी म्हटलं, बाई, त्याने सिगारेट सोडली आहे, थोडा मान द्या. तिने दिला नाही.

कमरेत जाड सुई घालतात. आत ती फिरवावी लागते, बूच काढायच्या स्क्रूसारखी. चिमण दाराआड होता तरी मी त्याचा आवाज ऐकला. बाहेर आणल्यावर चेहरा राखेसारखा. पहिलं वाक्य: "ताई, एक दे." मी दिला. गाल हलायला लागला तसा डोळ्यांत जीव आला.

आता तीन आठवडे वाट बघायची. तिकडे त्याच्या पेशी वाढणार.

९ एप्रिल

वाढल्या नाहीत.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. चाळिशीच्या, बारीक, केस जाळीत कोंबलेले, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. मी त्यांना पेशीवाल्या बाई म्हणते. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आधी कुणा दुसऱ्याच्या पेशी, बशीच्या तळाशी, लांबट, एकमेकींना खेटून, पाण्याच्या धारेतल्या मासोळ्यांसारख्या एकाच दिशेने. मग चिमणच्या. इथे एक, तिथे दोन. पसरट, सुजल्यासारख्या. मध्ये नुसती मोकळी जागा.

"मेल्या का?"

"नाही. जिवंत आहेत. पण कामाला उठत नाहीत. मुळात कमी निघाल्या, दुप्पट व्हायला फार वेळ लावतात, बशीत ओरखडा काढून पाहिला तर तो भरायला सरकत नाहीत, आणि हाड होण्यासाठी जे द्रव्य देतो ते दिलं तरी चुना, म्हणजे कॅल्शियम, धरत नाहीत. ओढणाऱ्यांच्या पेशी आम्हाला अशा दिसतात."

"तो ओढत नाही. अडीच महिने ओढलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे, कारण तीस वर्षं मीच ती दुकानदारांकडे टाकत आले. म्हणाल्या, "चाळीस वर्षांचं इतक्यात पुसलं जात नाही. काही वेळा सोडल्यावर पेशी सुधारतात, असं दिसलं आहे. किती आणि कुणाच्या, ते आत्ता कुणीच खात्रीने सांगू शकत नाही."

मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, माझा भाऊ नरकातून चालत इथवर आला आहे, आणि तुम्ही तुमची बशी नीट ठेवली नसेल त्याचं खापर त्याच्यावर फोडता. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर चिमणला सांगितलं, त्यांची मशिनं खराब आहेत. त्याने विचारलं, "माझ्या पेशी कशा दिसतात?"

"आळशी."

"म्हणजे माझ्याच आहेत," तो म्हणाला.

३० एप्रिल

हाडांच्या डॉक्टरांनी आणखी एक संधी कबूल केली आहे. मी त्यांच्या दारात तीन सकाळी बसले तेव्हा. जूनअखेरीस पुन्हा मगज काढायचा, पण त्याआधी लघवीची तपासणी. स्वच्छ असेल तरच. नसेल तर या प्रयोगातून नाव कायमचं बाद, कारण ही जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे. मला हे पटलं. माप घेतल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हेच मी आयुष्यभर केलं.

चिमणला म्हटलं, डोळ्यांत तेल घालून राहायचं. एक झुरका घेतलास तर पाय गेला.

"घेतलाच नाही तर घेतलास काय म्हणतेस?"

"मन डळमळलं की लगेच गम तोंडात टाकायचा. मी कमी पडू देणार नाही."

"गम नको वाटतो कधी कधी, ताई. छातीत धडधडतं. उचकी लागते."

"उचकी लागली तर पाणी पी. पाय गेल्यावर पाणी पिऊन परत येत नाही."

त्याने निमूट एक टाकला.

२४ जून

आज लघवीची तपासणी होती.

तपासणीच्या पट्टीवर रेघ आली. हलकीसलकी नाही. पेशीवाल्या बाई मला आत घेऊन गेल्या. चिमण बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत होता. त्या म्हणाल्या, "रोज भरपूर ओढणाऱ्या माणसाची येते तशी आली आहे. दोनदा केली." मग त्या हळू आवाजात, "आणखी कशातून जात असेल का? पाइप, तपकीर, असं काही? त्यांनाच विचारू का?"

मी म्हटलं, "त्याला काय विचारायचं. तपकीर नाही, पाइप नाही. सिगारेट. मी त्याला जन्मापासून ओळखते. दुकानदार खोटं बोलतो, बाई, काटा खोटं बोलत नाही. तो ओढतो. काढून टाका नाव."

त्यांनी नाव काढलं. मी स्वतः सांगितल्यावर त्या तरी काय करणार.

व्हरांड्यात चिमणने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी काढायचा मगज?"

"कुणी आणून दिल्या?" मी विचारलं.

"काय?"

"सिगारेटी. कुणी आणल्या? शेजाऱ्याने? त्या दूधवाल्याने?"

"ताई, मी ओढली नाही."

"पट्टीवर रेघ आहे."

"असू दे. मी ओढली नाही."

लिफ्टमध्ये माणसं होती. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, की तू खोटारडा आहेस, वडिलांवर गेलास, तेही दुकान बुडेपर्यंत सगळं ठीक आहे म्हणत होते. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. चिमण पायावरची चादर सारखी करत राहिला.

२५ जून

घराची झडती घेतली. गादीची उसवलेली शिवण, पंखा, न्हाणीघरातली टाकी, कुबड्यांची रबरी टोकं. एकही नाही. इतका सराईत झाला आहे.

चिमण पलंगावर बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "झालं?"

"तुला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते. पण तू म्हणतेस त्याची नाही." मग उशाचं गमचं पाकीट उचलून त्याने टेबलावर ठेवलं, अगदी कडेला कड लावून, जसा बोर्ड टांगावा. "हे पण ठेव. तुझं औषधही नको मला."

"नको तर नको. आता कुणासाठी घ्यायचंय."

८ जुलै

बोलत नाही. मी विचारलं तर हो किंवा नाही. पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस येरझारा घातल्यासारखी बोटं पलंगाच्या कडेवर चालत होती, घामाने उशी ओली. आता शांत आहे. खिडकीतून बोर्डांकडे बघतो, पण नावं ठेवत नाही.

कपडे हुंगते. वास येत नाही. कशी लपवतो, देव जाणे.

१ ऑगस्ट

मी भावाला ओळखत नाही असं मनात आलं. तो ओढत असेल तर कधी? मी बाजारात जाते तेवढ्या वेळात? पण आता ओढायला त्याला बंदी तरी कुठे आहे. उघड ओढू शकतो. मग उघड का ओढत नाही?

मला चिडवायला. दुसरं कारण दिसत नाही.

१९ ऑगस्ट

सकाळपासून ताप. सळई जिथे आत जाते तिथली कातडी लाल, आणि पट्टीला पिवळा डाग. पट्टी बदलताना वास आला. मी इतके दिवस शोधत होते तो हा वास नव्हता. बोलावलेली इस्पितळाची गाडी वेळेवर आली, म्हणजे काहीतरी वाईटच होणार.

२१ ऑगस्ट

हे नीट लिहायला हवं. सारांश नाही.

हाडात पू झाला आहे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, रक्तात उतरायच्या आत पाय काढावा लागेल. उद्या किंवा परवा. मी ठीक म्हटलं. मग ते हातातले कागद चाळता चाळता थांबले.

"एक विचित्र आहे. भरती करताना नेहमीच्या तपासण्यांत लघवीचीही झाली. निकोटीन शून्य. म्हणजे काही आठवडे तरी काहीच गेलेलं नाही. जूनमध्ये नाव काढल्यावर यांनी सोडली म्हणायची. आता उपयोग नाही त्याचा, पण कसं काय?"

मी म्हटलं, "सोडलीबिडली काही नाही. रागाने बसून होता. बोलत नाही, हसत नाही. औषधाचा गमसुद्धा टाकून दिला त्याने."

"कुठला गम?"

मी सांगितलं. पिशवीत अजून अर्धं पाकीट होतं, ते काढून दाखवलं. जास्त ताकदीचं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ वाचल्यासारखं केलं, खरं तर त्यावर वाचायला फार नव्हतं. मग पाकीट माझ्याकडे वळवून नख एका शब्दावर टेकवलं. नग आणि तारीख यांच्या बरोबर वर, मोठ्या अक्षरांत. मी ते पाकीट फेब्रुवारीपासून किती वेळा हातात धरलं असेल.

"यात निकोटीनच असतं, ताई. तेच असतं. बाकीच्यांना सिगारेट सोडवायला उत्तम आहे हे, मीही देतो. पण मी तुम्हाला निकोटीन नको म्हणालो होतो. सिगारेट नको असं नव्हतो म्हणालो."

"तुम्ही गमचं नाव घेतलं नव्हतं."

"कागदात होतं. गम, अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या, सगळं. तुम्ही वाचलं होतंत ना?"

मी वाचलं होतं. ओळ न ओळ.

मी विचारलं, "म्हणजे या गमने पाय गेला?" ते खुर्चीत मागे टेकले. "हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चाळीस वर्षांच्या धुराने त्या पेशी आधीच दमलेल्या असणार. गम नसता तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित जूनमध्ये दुसरा प्रयत्न झाला असता आणि लागू पडला असता. पुष्कळ कदाचित आहेत."

मला एक उत्तर हवं होतं. मी संतापले नाही. संताप कुणावर आणायचा ते सापडलं नाही, आणि ते नसलं की मला काय करायचं कळत नाही. औषधवाल्यावर प्रयत्न करून पाहिला. टिकला नाही.

२२ ऑगस्ट

चिमणला सांगितलं. पाय काढण्याच्या कागदावर सही करायच्या आधी सांगायला हवं असं वाटलं. सगळं सांगितलं, डॉक्टर जानेवारीत नेमके कोणते शब्द बोलले तेही, आणि मी त्याचे दोन शब्द केले तेही.

तो छताकडे बघत ऐकत होता. तापाने ओठ फुटले होते. मी वाट पाहिली की आता बोलेल, आता मला घराबाहेर काढेल, घर माझं असलं तरी.

तो म्हणाला, "म्हणजे रेघ त्या गमची होती."

"हो."

"मी ओढली नव्हती."

"नव्हतीस."

"त्या पेशीवाल्या बाईंना सांगितलंस?"

"पायाचं काय ते आधी..."

"पायाचं डॉक्टर बघतील," तो म्हणाला. "तू त्यांना जाऊन सांग. तू त्यांना सांगितलं होतंस ना, की हा ओढतो म्हणून? मी बाहेर बसलो होतो. दार उघडं होतं, ताई."

मी गेले. तीन मजले खाली, लांब बोळ, दोन दारं. पेशीवाल्या बाई जेवत होत्या, डबा बाजूला सारून उठल्या. मी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांना वाईट वाटलं ते स्वतःचं. म्हणाल्या, "मी त्यांनाच विचारायला हवं होतं. विचारावंसं वाटलं होतं मला." मी म्हटलं, तुम्हाला मी विचारू दिलं नाही. एवढं एक वाक्य म्हणायला मला जितका वेळ लागला तितका नोकरीच्या अख्ख्या आयुष्यात कुठल्या साक्षीत लागला नाही.

२३ ऑगस्ट

काढला. गुडघ्याखाली, चार बोटं.

२४ ऑगस्ट

झोपेत आहे. एकदा जागा झाला आणि उजव्या पायाची बोटं कुणीतरी पिरगळतंय म्हणाला. मी चादरीवरून सपाट जागेकडे पाहिलं आणि नर्सला बोलावलं.

३१ ऑगस्ट

पेशीवाल्या बाई आज वॉर्डात आल्या होत्या. मी स्टुलावर होते. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पलंगाच्या दुसऱ्या बाजूने थेट चिमणपाशी गेल्या. वाकून म्हणाल्या, मार्चमध्ये काढलेल्या पेशींतल्या काही त्यांनी गोठवून ठेवल्या आहेत. सिगारेट सुटली पण गम चालू, अशा माणसाच्या पेशी त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. त्यांचा पुढे अभ्यास करायला परवानगी द्याल का. नाही म्हणालात तर नष्ट करू.

चिमणने विचारलं, "अजून आहेत त्या?"

"आहेत. फार थंडीत ठेवल्या आहेत."

"तिथेही कामाला उठत नसतील."

"तिथे कुणाच्याच उठत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी खिडकीबाहेर बघितलं.

"कशात असतात?"

"छोट्या नळीत. करंगळीएवढ्या."

"वर काही लिहिलेलं असतं?"

"आकडा असतो. आणि आमच्या नोंदीत त्या आकड्यापुढे वय, कुठलं हाड, असं."

"आणि?"

बाईंनी जाळीत केस पुन्हा कोंबले. मग म्हणाल्या, "आणि धूम्रपान, चालू."

चिमणने उशीवरून मान उचलली. त्याला बसायचं होतं. मी हात दिला, त्याने तो घेतला नाही, पलंगाच्या दांड्याला धरून स्वतःच ओढत ओढत वर आला. कपाळावर घाम. बोर्ड चुकीचा रंगवला तर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं तरी तो परत जाऊन पुसायचा, तसा चेहरा.

"चाळीस वर्षं ओढली ते खरं आहे," तो म्हणाला. "ते काढू नका. पण चालू नका लिहू. लिहा, सोडली. मार्चच्या आधी सोडली. गमचंही लिहा, ते तर तुम्हाला लागेलच. पण सोडली हे लिहा."

"लिहिते."

"कधी लिहिता?"

"आत्ता खाली गेले की."

"मग परवानगी आहे," तो म्हणाला, आणि सहीसाठी हात पुढे केला. कागद इंग्रजीत होता. बाईंनी सवयीने तो माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. म्हटलं, त्याला वाचून दाखवा. सगळा. मधलं काही गाळू नका.

दोन पानं होती. त्या एकेक ओळ वाचत होत्या आणि मग साध्या शब्दांत सांगत होत्या. चिमण मध्येच थांबवून विचारत होता, आणि ज्या गोष्टी तो विचारत होता त्या मला कधी सुचल्या नसत्या. पाऊण तास लागला. मी स्टुलावर बसून होते, आणि माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.